अर्धा चेंडू आत

गोल्फच्या मैदानावर बॅगा वाहणाऱ्या कॅडींचे प्रमुख म्हणजे सगळ्यांचे कलमकाका. कुणी काही विचारलं की आधी घसा खाकरायचा आणि मग कलमाच्या आकड्यापासून सुरुवात करायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. नियम बदलले तेव्हा नव्या पुस्तिकांचा गठ्ठा आला. काकांनी तो स्वतःच्या हातांनी सगळ्यांना वाटला आणि आपली प्रत कपाटात टाकली. पाठ असलेलं कोण कशाला वाचतं?

कॅडींच्या वार्षिक स्पर्धेत पंच अर्थातच काका. यंदा जिंकणाऱ्याला सरावाच्या मैदानावर प्रशिक्षकाच्या हाताखाली कायमची जागा मिळणार होती. काकांची सख्खी पुतणी सकाळी बॅगा वाहायची आणि दुपारपासून लाँड्रीत इस्त्री करायची. वाफेने तिचे हात कायम लाल असत. ती जागा तिला जिवापाड हवी होती.

शेवटच्या होलवर तिने खड्ड्याभोवतीच्या हिरवळीच्या कडेवरून चेंडू हलकेच उचलून मारला. तो आत गेला तर ती एका फटक्याने जिंकत होती. चेंडू घरंगळत आला आणि झेंड्याची काठी नि होलची कड यांच्यामध्ये अडकून बसला. अर्धा आत, अर्धा बाहेर.

"गेला!" ती ओरडली.

"कुठे गेला? काठी काढ," काका म्हणाले.

"काका, काठीला टेकलेला असला तर आता थोडासा आत असला तरी चालतं."

"अख्खा चेंडू हिरवळीच्या खाली गेला तरच आत. मला शिकवतेस? घरचं माणूस पंच आहे म्हणून सवलत मिळेल असं वाटलं का तुला?"

लोक हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. काकांना त्या टाळ्या गोड लागल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. पुतणीने खाली मान घालून काठी काढली. काठीबरोबर चेंडू वर आला आणि कडेवर थांबला. तो आत ढकलायला तिचा एक फटका गेला, बरोबरी झाली, आणि जादाच्या होलवर ती एका फटक्याने हरली. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

दुसऱ्या दिवशी गवत कापणारा माणूस यंत्र थांबवून म्हणाला, "मानलं बुवा तुम्हाला! रक्ताच्या नात्यालाही सोडलं नाहीत." काका खूश. पोरीला तिची चूक छापील दाखवावी म्हणून त्यांनी कपाटातली पुस्तिका काढली, खुणेसाठी पेन्सिल घेतली आणि पान शोधलं.

चेंडू काठीला टेकून थांबला असेल आणि त्याचा कुठलाही भाग हिरवळीच्या पातळीखाली असेल, तर तो आत गेला असं धरावं.

काकांनी तीनदा वाचलं. मग मुखपृष्ठावरचं साल पाहिलं, छपाईची चूक असेल म्हणून वाटणीतून उरलेली एक जादा प्रतही पाहिली. छपाईची चूक नव्हती. त्यांचे कान तापले. पंच म्हणून चुकलो याची लाज होतीच, पण त्या टाळ्या आठवल्या की तोंड लपवावंसं वाटे.

ऑफिसातल्या कारकुनाला त्यांनी विचारलं, "निकाल लागल्यावर पंचाची चूक निघाली तर? एका ओळखीच्याला हवंय."

"फलकावर लागला की संपलं," कारकून मान वर न करता म्हणाला. "तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत हे."

दोन दिवस त्यांनी कळ काढली. जो तो निःपक्षपातीपणाचं कौतुक करी आणि काका पाय ओढत पुढे जात. तिसऱ्या दिवशी दुपारी ते लाँड्रीच्या मागच्या दाराशी उभे राहिले. पुतणी बाहेर आली.

"माझं चुकलं गं. चेंडू आत होता."

"माहीत आहे."

"मग पुस्तिका का नाही दाखवलीस?"

"खिशातच होती. पण म्हटलं, चारचौघांत काकांना खाली कशाला पाहायला लावायचं?" तिने कपाळावरचा घाम दंडाने पुसला. "तुम्ही मला चारचौघांत बोललात. आणि चूक कबूल करायला मागच्या दाराने आलात."

ती आत गेली. इस्त्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा वाटायच्या वेळी शेडमध्ये सगळे जमले. गवत कापणारा होता, कारकून होता, नवी जागा मिळालेली मुलगी होती. बॅगांच्या रांगेत, अगदी शेवटी, पुतणीही होती. काकांनी घसा खाकरला. कलमाचा आकडा तोंडात आला, तो त्यांनी गिळला.

"त्या दिवशी हिचा चेंडू आत होता," ते म्हणाले. "नियम मी वाचलाच नव्हता. हिला माहीत होता, आणि मी तिला सगळ्यांसमोर गप्प केलं. जिंकली होती ती."

कुणी हसलं नाही. नव्या जागेवरच्या मुलीने नजर दुसरीकडे वळवली.

"मग आता हिला जागा मिळणार का?" गवत कापणाऱ्याने विचारलं.

काकांनी प्रथमच पुतणीकडे सरळ पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

तिने आपल्या वाट्याची बॅग खांद्याला लावली आणि कामाला निघाली.