पेल्यातली कण्हेर

सिद्धेश्वराच्या देवळाच्या वाटेवर एक फुलवाली कण्हेरीची फुलं विकायची. करमाळ्याकडची होती. आमच्या वाचनालयात तसबिरीपुढे फुलांचा पेला असे, त्यासाठी मी तिच्याकडून फुलं घ्यायचो. एकदा पुडी बांधताना तिने माझ्या खादीच्या बाहीवरचे केस चिमटीत उचलले.

“दादा, मांजर पाळलंय व्हय? मग कण्हेर पाण्यात ठिऊ नगा. त्ये पाणी पेलं तर मरंल की.”

मला ती खुळी समजूत वाटली. मी तिला विवेकबुद्धीवर चार शब्द सुनावले.

“तुमी शिकल्याली मानसं, तुमाला काय सांगायचं,” ती हसून म्हणाली आणि पुन्हा हार ओवू लागली.

वाचनालयातली आमची पत्रकं उंदरांपासून राखणारी मांजरी तिसऱ्या दिवशी त्याच पेल्यातलं पाणी प्यायली आणि माझ्यासमोर तडफडून मेली.

मी जाऊन फुलवालीला सांगितलं. आता ती मला सुनावेल, असं वाटलं. तिने सुई खाली ठेवली.

“लई तडफडली का?” तिने विचारलं. मग हळूच म्हणाली, “फुलं मीच दिली की. माजंच चुकलं.”

सत्यावर तासन्‌तास बोलणाऱ्या मी तो दोष तिच्याकडेच राहू दिला.