बोटभर निळा ट्रॅक्टर

आमच्या घरी दर रविवारी तीन मोठी माणसं बसून नवीन खेळणी शोधतात, असं सांगितलं की पाहुणे आधी हसतात. मग विचारतात, नातवंडांसाठी का? मी म्हणते, नाही हो, स्वतःसाठी! मग एक किस्सा सांगावा लागतो, त्याच्या मागून दुसरा. असं करता करता इतके साठले की एकादशीला साबुदाणा भिजवून तो फुलेपर्यंत सांगत बसलं तरी पुरतात.

तिघांपैकी पहिले आमचे हे. अमरावतीत सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतात. दुसरे सलीमभाई, अकोल्याच्या जुन्या शहरात खऱ्या गाड्यांचे सीट कव्हर शिवतात. तिसरे तायडे सर. परतवाड्याच्या आयटीआयमध्ये शिकवतात आणि रोज एसटीने जाऊन-येऊन करतात. तिघांना धातूच्या छोट्या गाड्या जमवायचा नाद. कोणत्या कंपनीने कोणती नवी गाडी काढली, कुठे विकायला आली, हे सगळं इंटरनेटवर शोधायचं. सापडली की मागवायची आणि डब्याचं सील न फोडता कपाटात ठेवायची. सील फुटलं की गाडीचा मान गेला!

तायडे सरांना मात्र एकच वस्तू हवी होती. निळा ट्रॅक्टर.

त्यांच्या बाबांनी दर्यापूरकडे एका मालकाचा निळा ट्रॅक्टर सव्वीस वर्षं चालवला. मग ती वर्षं आली, पाऊस दडी मारायचा, कपाशी हाती लागायची नाही. मालकाने ट्रॅक्टर काढून टाकला आणि बाबा सरांकडे अमरावतीला राहायला आले. त्यातच उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात नाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला तर म्हणाले, "मी काय लहान पोट्टं आहो?" चेंडू गेला पलंगाखाली. त्यानंतर बाबांनी बोलणंही सोडल्यासारखं केलं.

तेवढ्यात बातमी आली की एक परदेशी कंपनी अगदी त्याच जातीचा, बोटभर निळा ट्रॅक्टर काढणार आहे. सर म्हणाले, "तो बाबांच्या हातात द्यायचा आहे. हात उचलतील तर त्याच्यासाठीच."

तेव्हापासून शोध सुरू.

*

पहिला शोध ह्यांनी घेतला. घरच्या भाषेत, इंग्रजी अक्षरांत टाईप केलं, "नवा ट्रॅक्टर कधी येईल". समोर एक फॉर्म आला. ह्यांनी नाव, फोन नंबर सगळं भरून दिलं. कचेरीतला माणूस, फॉर्म दिसला की हात थांबत नाही!

दुसऱ्या दिवशी खऱ्या ट्रॅक्टरच्या एका दुकानातून फोन. "सायेब, किती एचपीचा पायजे?"

हे म्हणाले, "एचपी नको. तळहातावर मावला पाहिजे."

पलीकडचा माणूस फार थकल्या आवाजात म्हणाला, "सायेब, पानी नाही पडून राह्यलं म्हून आता तुमीबी आमची मजाक करता का?"

हे इतके ओशाळले की त्याची दोनदा माफी मागितली. तो माणूस पुढे तीन महिने दर सोमवारी फोन करायचा. कधी गिऱ्हाईक आलं ते सांगायला, कधी नाही आलं ते सांगायला.

*

सलीमभाईंना टाईप करायचा कंटाळा. ते फोनशी बोलून शोधतात. एकदा दुकानात बसून मोठ्याने म्हणाले, "नीला ट्रॅक्टर, नया, कब आयेगी?" फोनने त्यातलं "नीला, कब आयेगी" एवढंच घेतलं आणि जपून ठेवलं.

संध्याकाळी त्यांच्या घरी भाभींनी काहीतरी शोधायला तोच फोन हातात घेतला. वरच लिहिलेलं, "नीला कब आयेगी".

"ये नीला कौन है?"

सलीमभाई म्हणाले, "ट्रॅक्टर है!"

"ट्रॅक्टर आती नहीं, आता है. मेरेकू मत सिखाओ!"

तीन दिवस घरात अबोला. चौथ्या दिवशी सलीमभाईंनी कंपनीच्या पानावरचा फोटो उघडून समोर धरला. "ये देखो. ये रही नीला. खिलौना है."

भाभींनी फोटो पाहिला, नवऱ्याच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या अल्ला, इससे तो वो नीला अच्छी थी!"

*

आता माझा गुन्हा सांगते, लपवून काय करू?

एका सोमवारी हे कचेरीत असताना पार्सल आलं. आत छोटी लाल मोटार, काचेसारख्या डब्यात. माझे सोळा सोमवार चालू होते, पूजेचं ताट तयारच होतं. मनात म्हटलं, घरात नवी गाडी आली आणि तिची पूजा नाही? डबा उघडला. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. हळद वाहिली. चाकाखाली लिंबू ठेवायला गेले तर लिंबूच गाडीपेक्षा मोठं! मग लिंबाची बी ठेवली आणि गाडी तिच्यावरून फिरवली.

पुढच्या रविवारी तिघंही जमले. सरांनी फुटलेलं सील पाहून डोळेच मिटले. सलीमभाई म्हणाले, "भाभी, नंबर प्लेटचं काय केलं? आरटीओत जाऊन आल्या का?"

ह्यांच्याकडे गाड्यांची वही आहे. प्रत्येक गाडीपुढे तिची अवस्था लिहितात, सीलबंद, डबा चेपलेला, वगैरे. त्या लाल मोटारीपुढे त्यांनी लिहिलं, "पूजा झालेली."

*

तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण, जवळ आला तेव्हा ह्यांना वाटलं, यंदा आपल्या कपाटात एखादा लाकडी बैलही असावा. शोधता शोधता बंगलोरच्या एका विक्रेत्याकडे चाकांवरचा बैल मिळाला. खाली इंग्रजीत लिहिलेलं, नुकताच आलेला, हाताने घडवलेला, थोडेच नग. ह्यांनी लगेच मागवला. दहा दिवसांनी आला. फार देखणा, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू.

तायडे सरांनी उलटा करून पाहिला. पोटावर पेन्सिलीने मराठीत सुताराचं नाव आणि खाली गाव लिहिलेलं, परतवाडा.

सरांनी ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "साहेब, ह्याच्या दुकानाच्या सावलीत मी रोज संध्याकाळी एसटीची वाट पाहत उभा राहतो!"

*

निळ्या ट्रॅक्टरचं पान आमच्या मुलीने मला उघडून दाखवलं होतं. त्यावर एक बटण होतं, दाबलं की वस्तू आल्यावर ते आपल्याला कळवतात. मी हात जोडून दाबलं. मला ते बटण फार आवडलं. आपण सांगून ठेवायचं आणि भरवसा ठेवून आपल्या कामाला लागायचं, नवस तरी दुसरं काय असतं?

त्याच आठवड्यात मंगळवारी अंबादेवीला नवस बोलले, ट्रॅक्टर मिळेपर्यंत दर मंगळवारी अनवाणी येईन. सलीमभाईंनीही त्यांच्याकडे दर्ग्यात चादर कबूल केली. सरांना हे सांगायला मला जरा संकोच वाटत होता, कारण ते बौद्ध, नवस वगैरे मानत नाहीत. तरी सांगितलं.

सर हसले. म्हणाले, "वहिनी, माझा विश्वास नाही. पण तुमचा चालू असेल तर बंद नका करू!"

*

आणि कळवलं हो त्यांनी! रविवारी सकाळी अकरा वाजता विक्री, नग अगदी मोजके.

त्या दिवशी तायडे वहिनी माहेरी गेल्या होत्या, म्हणून सर बाबांनाही सोबत घेऊन आले. बाबा दिवाणावर भिंतीला टेकून बसले, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. मी चहा दिला, त्यांनी डाव्या हाताने घेतला. सगळे मुलीच्या लॅपटॉपभोवती, त्याचा पडदा बोटानेच चालतो. अकराला पान उघडलं, "फक्त सहा शिल्लक". ह्यांनी पत्ता भरला, बटण दाबलं आणि मध्येच नऊ चित्रांचा चौकोन उभा राहिला.

मुलगी ह्यांना म्हणाली, "बाबा, तुम्ही माणूस आहात की मशीन ते तपासून राहिले. ज्या चित्रांत ट्रॅक्टर आहे तेवढी निवडा."

ह्यांनी मोठ्या चाकांची सगळी चित्रं निवडली. चूक. नवी नऊ चित्रं. "चार शिल्लक."

सलीमभाई म्हणाले, "हटो, मैं गाड़ी का आदमी हूँ." त्यांनी निवडली. चूक! "दोन शिल्लक." तायडे सर पुढे सरकून एकेक चित्र निरखू लागले. मी देवीचं नाव घेत होते.

तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला.

"थो थ्रेशर हाय."

सगळे वळले. बाबा उठून आले होते. "कोपऱ्यातला थो थ्रेशर हाय. त्याच्या बाजूचा रोडरोलर. टॅक्टर तीनच हायेत. सरक."

सर सरकले. बाबा लॅपटॉपसमोर बसले. पडद्याच्या खाली एक चौकट होती, मुलीने भीत भीत वाचून दाखवली, "मी रोबोट नाही."

"म्हंजे?"

सर म्हणाले, "बाबा, तुम्ही कोण आहात ते विचारून राहिले."

"त्याले सांग, मी डायवर आहो."

आणि बाबांनी बोट टेकवलं. एक, दोन, तीन चित्रं, मग ती चौकट. बोट उजव्या हाताचं होतं. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे पाहिलं. सर पडद्याकडे पाहतच नव्हते.

पडद्यावर हिरवी खूण आली. मिळाला!

सर बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबा, आपला निळा ट्रॅक्टर येऊन राहिला. मुंबईहून निघंल. आठ दिवसांत घरी."

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आठ दिस? कोन चालवून राह्यलं?"

बाबा उठले, दिवाणावर जाऊन बसले आणि उरलेला चहा जवळ ओढत म्हणाले, "मले धाडलं असतं त दोन दिसात आनला असता."