तुळशी केणे यांची सही

तुळशी शाळेत गेली ती दुसरीपर्यंत. नदीपलीकडे तिचं माहेर. तिसरीच्या जूनमध्ये भाताच्या आवणीला हात कमी पडले आणि बापाने तिचं दप्तर खुंटीला लावलं. पुढे त्यात काकडीचं बी ठेवू लागले. तिची तक्रार नव्हती. रोप चिखलात किती बोटं खोल खोचायचं हे तिला कळत होतं, आणि शिरगावात केण्यांच्या घरी सून म्हणून यायला तेवढं पुरलं.

नवरा चंदर. घर शेतकऱ्याचं, पण शेत दरवर्षी आखूड होत होतं. बदलापूरच्या पूर्वेला इमारती उभ्या राहत होत्या आणि बेडूक ओरडायचे तिथे लोक टीव्हीचे अँटेने फिरवत बसत. चंदरनेही एक तुकडा विकला आणि उरलेल्या शेताच्या कडेला आठ खोल्यांची चाळ बांधली. शहाऐंशी साली मुलगी झाली. ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद झाली ती नुसती ‘मुलगी’ अशी. घरात तिला चिमी म्हणत. नंतर मूल राहिलं नाही.

चिमी चार वर्षांची झाली तेव्हा शेजारच्या कात्रपला नवी इंग्रजी शाळा नावारूपाला आली होती. त्या शाळेत मुलाला काही विचारत नसत. मुलाखत आईबापांची घेत. चंदरचा चुलतभाऊ धर्मराज आदल्या वर्षी आपल्या मुलाला घेऊन गेला होता. तो ओट्यावर बसून सांगत होता.

“बाईंनी मना इचारला, घरी वर्तमानपत्र कनचा येतं. मी बोललू, येतं ना, बोंबील गुंडालून.”

चंदर हसला. “मंग?”

“मंग बोलली, मुलाचा अभ्यास कोन घेनार? मी बोललू, तुमी घेनार. फी कशाची घेता?”

“बराबर बोललास.”

“बराबर बोललू म्हनून तर पोरगा जिल्हा परिषदेच्या शालेन हाय.”

हसून झाल्यावर चंदरच्या डोक्यात जे आलं ते त्याच्या लेखी वाकडं नव्हतं. जमिनीच्या कामाला कल्याणच्या कचेरीत सगळे भाऊ कधीच जात नसत. ज्याला बोलता येतं तो जाई आणि सगळ्यांच्या नावाने उभा राही. एकदा तर धर्मराजच चंदर होऊन अंगठा देऊन आला होता. काम झालं होतं. कचेरीला तोंड लागतं, एवढं त्याला ठाऊक होतं. ते कोणाचं हे कचेरी बघत नाही.

चाळीच्या पहिल्या खोलीत हेमचंद्र सबनीस आणि त्यांची बायको उमा राहत. हेमचंद्र मुंबईला ऑफिसात होते आणि ऑफिसच्या नाटकात दरवर्षी इन्स्पेक्टर होत. उमा बी.ए. होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. चिमी दिवसभर त्यांच्याच खोलीत असे.

चंदर त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. “मुलाखतीला तुमी जा, नावं आमचीच लिव्हा. बाप चंदर, आई तुलशी. फकस्त तोंडा तुमची.”

“अहो चंदरशेठ, पकडलं तर?” हेमचंद्र म्हणाले.

“तुमी दरवर्षी इन्स्पेक्टर व्हता. कोनी पकडलाय?”

उमा आतून म्हणाली, “एका दिवसाचं तर आहे. जाऊ या की.”

तुळशीला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. मुलाखतीच्या दिवशी तिनेच चिमीचे केस विंचरले, तिनेच सांगितलं, “शालेन काकूला आई बोलाचा. घरी आली का मंग काकू.” चिमीने मान हलवली. पाढ्यांना पुढे तिला वर्ष लागलं. हे एका सकाळीत पाठ झालं.

प्रवेश मिळाला. फॉर्मवर उमाने मुलीचं नाव चिन्मयी लिहिलं होतं. चिमी असं फॉर्मवर बरं दिसत नाही, म्हणाली. आणि खाली, आईच्या सहीच्या रकान्यात, तिरप्या सुबक अक्षरात: तुळशी चंदर केणे.

एक दिवस म्हणता म्हणता पाच वर्षं झाली. शाळेला आईबाप एकदा दाखवून भागत नव्हतं. महिन्याला पालकसभा. तिमाहीला प्रगतिपुस्तक. गॅदरिंग, विज्ञानाचं प्रदर्शन, आईने करून आणायची पालेभाज्यांची थाळी. थाळी तुळशी करायची आणि उमा न्यायची. गणवेश घ्यायला दोघी चिमीला घेऊन उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात गेल्या तेव्हा दुकानदाराने उमाकडे बघून विचारलं, “दीदी, बच्ची बढ़ेगी, लंबा दूं?” उमाने तुळशीकडे बघितलं. “हां, लंबा दो,” तुळशी म्हणाली. दुकानदाराने पुन्हा उमालाच विचारलं, “बाई को छोडो, आप बोलो.”

शाळा महिन्याला एक सायक्लोस्टाइल पत्रक काढी. त्यात ‘घर आणि शाळा’ असं सदर होतं. एका महिन्यात छापून आलं, ‘चि. चिन्मयी केणे हिच्या मातोश्री सौ. तुळशीताई यांनी संपूर्ण वर्गासाठी कागदी मुकुट तयार करून दिले. असे पालक लाभणे हे शाळेचे भाग्य.’ चंदरने तो कागद भाताच्या खळीने भिंतीला चिकटवला. आल्यागेल्याला तो बोट ठेवून दाखवी. “आमच्या घराचा नाव छापलाय.” त्याला त्यात काही खोटं दिसत नव्हतं. नाव खरंच त्यांचं होतं.

तुळशी अक्षर लावत लावत तो कागद वाचायची. ‘तुळशीताई’ पाशी थांबायची. मग झाडू घ्यायची.

दुपारचा डबा मात्र तीच पोचवी. दारावर नाथा शिपाई असे, कर्जतकडचा. तो आत हाक मारी, “केण्यांची बाई आली, डबा.” चिमी धावत येई, डबा घेई, एक शब्द न बोलता परत जाई. हे तिला तुळशीनेच शिकवलं होतं. दारात आय म्हणून हाक मारायची नाही. सुरुवातीला पोरगी वळून बघायची. दुसरीत गेल्यावर वळणं बंद झालं.

उमा वाईट नव्हती. तिने चिमीला वाचायला शिकवलं, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या, शुद्ध बोलायला लावलं. हळूहळू चिमीला तुळशीचं बोलणं टोचू लागलं. “आय, ‘शाला’ नाही. शाळा.” तुळशी म्हणायची, “तुजी शाळा. माजी शालाच व्हती.”

तिसरीच्या गॅदरिंगला शाळेने आदर्श पालक ठरवले. चंदर आणि तुळशी केणे. शिक्षण खात्यातल्या साहेबांच्या हातून शाल आणि नारळ. चंदर आणि तुळशी मैदानात मागच्या तारेपाशी उभे राहिले, आणि माईकवरून आपली नावं ऐकून चंदरने टाळ्या वाजवल्या. मनापासून. तुळशीने त्याचा हात धरून खाली ओढला.

“काय झाला?”

“गप ऱ्हा.”

घरी आल्यावर उमाने शाल तिच्यापुढे धरली. “वहिनी, ही तुमची आहे.”

“तुमाला दिली ती तुमची.”

“अहो, नाव तुमचं घेतलं ना.”

“नावच घेतला,” तुळशी म्हणाली.

पंचाण्णव सालच्या मे महिन्यात हेमचंद्रांची पुण्याला बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढलं तेव्हा उमा चिमीला पोटाशी धरून रडली. चिमीही रडली. तुळशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला जे वाटलं ते तिने कोणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. तिला हलकं वाटलं.

त्या सुट्टीत तिने चिमीच्या जुन्या चाररेघी वहीची उरलेली पानं काढली. दुपारी, भांडी झाल्यावर, ओट्यावर बसून ती लिहायची. तुळशी. तुळशी. ‘शी’ उलटी पडायची. बोटांना नांगी मारल्यासारखं व्हायचं. भात लावणाऱ्या हाताला पेन फार बारीक होतं. जूनपर्यंत नावाचे तिन्ही शब्द सरळ येऊ लागले. तिला एवढंच हवं होतं. एकदा त्या दारातून आत जायचं, बाकावर इतर आयांमध्ये बसायचं, आणि कोणी विचारलं कोणाची आई, तर सांगायचं.

ऑगस्टमध्ये चौथीची पहिली चाचणी झाली. प्रगतिपुस्तक घरी आलं. तुळशीने हात धुतले, पुसले, आणि आईच्या रकान्यात सही केली. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं. वर्गशिक्षिका नीलिमाबाईंनी आत चिठ्ठी घातली होती. चिमीने वाचली. “सही आईचीच आणावी. घरकाम करणाऱ्यांकडून सही घेऊ नये.”

चुलीवर काहीतरी करपलं.

“आय, मी करते ना,” चिमी म्हणाली. “काकूसारखी सही मला येते. बघ.” तिने पाटीवर काढून दाखवली. तिरपी, सुबक. एक रेघ चुकली नव्हती.

“पूस,” तुळशी म्हणाली. “मी उद्या येतंय शालेन.”

चिमीने ‘शाला’ दुरुस्त केलं नाही.

चंदर जेवताना म्हणाला, “कशाला जातंस? पोरगी काढते ना सही. चाललंय ते चालू दे.”

“पाच वरसा चालू दिला.”

“पोरीची शाला जाईल, तुज्या हौशीपायी.”

“हौस?” तिने ताट उचललं. “पोटातून काढली ती हौस व्हती?”

चिमी भिंतीकडे तोंड करून निजल्याचं सोंग करत होती.

सकाळी तुळशी लग्नातलं पातळ नेसून निघाली. दारावर नाथा म्हणाला, “आज एवढ्या लवकर डबा?” ती न थांबता आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या व्हरांड्यात पाय ठेवला. फरशी गार होती.

नीलिमाबाई तरुण होत्या, नम्र होत्या. “मावशी, तुम्ही कशाला आलात? आईंना पाठवा, मला त्यांच्याशीच बोलायचंय.”

“मीच आय हाय.”

“हो, पण चिन्मयीची आई.”

“मीच.”

बाई हसल्या, मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्यांनी प्रगतिपुस्तकाची मागची पानं उलटली. पाच वर्षांच्या सह्या. मग त्या तुळशीला घेऊन मुख्याध्यापिका कुमुदिनीबाईंच्या खोलीत गेल्या.

तिथे भिंतीवर फोटो होता. साहेब, शाल, हेमचंद्र, उमा. तुळशीने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कोणाला दोष दिला नाही. कुमुदिनीबाईंनी चिमीला दप्तरासकट बोलावून घेतलं.

“चिन्मयी, ह्या कोण?”

चिमी आपल्या बुटांकडे बघत राहिली. तिला खोटं बोलता आलं असतं. पाच वर्षांचा सराव होता.

“आय,” चिमी म्हणाली. मग, “आई.”

“मग त्या कोण होत्या, फोटोतल्या?”

“त्या पण.” ती अडखळली. “त्या शाळेतल्या आई.”

तुळशीला एकच शब्द पुरला. ती खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभी राहिली. ज्याच्यासाठी आली होती ते झालं होतं, असं तिला क्षणभर वाटलं.

कुमुदिनीबाईंनी नीलिमाबाईंना बाहेर पाठवलं. दार ओढून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फसवलंत. पण मी मुलीला काढायचं म्हटलं तर कारण लिहावं लागेल. पुढच्या महिन्यात मान्यतेची तपासणी आहे. तेच साहेब येणार, ज्यांनी शाल दिली. त्यांना मी काय सांगू? की आमच्या शाळेला पाच वर्षं आईबाप ओळखता आले नाहीत?”

“मना शाल नको. फोटोबी ऱ्हाऊ द्या. फकस्त माजा नाव…”

“तुमचं नाव रेकॉर्डला त्यांच्या सहीने आहे. ते आता हलत नाही.” त्यांनी कपाटातून एक छापील फॉर्म काढला आणि स्वतः भरायला घेतला. लिहिता लिहिता वाचत गेल्या. “मुलीचे आईवडील नोकरीनिमित्त पुण्याला. मुलगी इथे नातेवाइकांकडे राहते. स्थानिक पालक…” त्या थांबल्या. “तुम्ही. मुलगी शाळेत राहील. सभेला तुम्हीच या. सही तुमचीच चालेल. काय नाव लावू?”

“तुलशी.”

“ते आईचं झालं.”

पंखा फिरत होता. चिमी कोपऱ्यात उभी होती. तिच्या छातीवर शाळेचा बिल्ला होता. तुळशीने त्याच्याकडे बघितलं. तिला उठून मुलीचा हात धरून त्या दारातून बाहेर पडता आलं असतं. धर्मराजचा पोरगा जात होता त्या शाळेत उद्या नाव घालता आलं असतं. तिथे ती आई झाली असती, आणि चिमीने तिला त्याची किंमत आयुष्यभर ऐकवली असती. किंवा ऐकवली नसती. ते तिला जास्त भीतीचं वाटलं.

“पुतला लावा,” ती म्हणाली. “पुतलाबाय.”

ते तिच्या मेलेल्या आईचं नाव होतं. दुसरं सुचलं नाही.

बाईंनी पेन पुढे केलं. तुळशीने ते घेतलं आणि तसंच धरून बसली.

“मना तुलशी लिव्हाला येतं,” ती म्हणाली. “तेवढाच येतं.”

मग चिमी पुढे आली. दप्तरातून रफ वही काढली, आणि मोठ्या, सुट्या अक्षरात एक शब्द लिहून आईपुढे ठेवला. पुतळा. तीन अक्षरांत एकच तिला नवं होतं. ती बघून बघून उतरवू लागली. नव्या अक्षराची दांडी लांब गेली. चिमीने तिचा अंगठा धरून थोडा मागे घेतला.

नात्याच्या रकान्यात कुमुदिनीबाईंनी स्वतःच एक शब्द लिहिला, शिक्का मारला, फॉर्म फाइलीत घातला.

“शनिवारी अकराला सभा आहे,” त्या म्हणाल्या. “वेळेवर या, मावशी.”