बुल्गनबाईंचा पहिला चहा

आज सुनेने लोणी कढवायला ठेवलं आणि त्या वासासरशी स्कारबरोतल्या आमच्या शेजारीण बुल्गनबाई आठवल्या. त्या रशियातल्या काल्मिक बौद्ध. युद्धात वडिलांनी कोटात लपवून आणलेली पितळी बुद्धमूर्ती त्यांच्या घरात होती. रोज मीठ-लोणी घातलेल्या चहाचा पहिला पेला तिच्यापुढे ठेवायचा, मगच घरातल्यांनी प्यायचा.

ती मूर्ती आता म्युझियममध्ये आहे आणि तिच्या पाटीवर ‘कुटुंबाने आनंदाने दिलेली भेट’ असं आहे. ते खरं नाही. “तुमच्यामागे मुलं सांभाळणार नाहीत, तिथे सुरक्षित राहील,” म्हणत मीच त्यांच्या मागे लागलो होतो.

वीसेक वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी त्यांना मूर्ती दाखवायला नेलं. काचेसमोर त्यांनी थर्मास काढला, तसा गार्ड धावत आला. “नो ड्रिंक्स इन हिअर, मॅम.”

“माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी,” बुल्गनबाई म्हणाल्या.

गार्ड बिचारा माझ्याकडे बघायला लागला. थर्मास मीच बंद केला.

गाडीत मी म्हटलं, “गारठलात. घोटभर तरी घ्या.”

“त्याच्याआधी?”

त्यानंतर त्यांच्या घरात चहा झालाच नाही. मी गेलो की त्या मला कोमट पाणी द्यायच्या, आणि समोर बसून स्वतःही तेच प्यायच्या.