सगळ्यांच्या आधी पोचणारा माझा भाऊ

हेमंत गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी राग आला, रडू नंतर. सकाळी नऊच्या सुमाराला मी सरावलीच्या घरी मागच्या पडवीत बोंबील साफ करत बसले होते, तेवढ्यात सुवर्णाचा, म्हणजे माझ्या भावजयीचा, फोन आला. "ताई, हे गेले..." एवढंच ती बोलू शकली. बाकीचं तिच्या मुलीने सांगितलं. आखातातल्या ज्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये हेमंत चौदा वर्षं फिजिक्स शिकवत होता, तिथल्या स्टाफरूममध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. शिपायाने कुलूप काढलं, त्याच्या मागोमाग हा आत गेला, आणि बाकीचे शिक्षक आले तोवर सगळं संपलं होतं. मी पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "शाळा भरायला पाऊण तास असताना हा तिथे काय करत होता?" पोरगी बिचारी काय सांगणार! आणि खरं म्हणजे मला तो प्रश्न विचारायचा हक्कच नव्हता, कारण पाच महिने मी माझ्या भावाशी एक अक्षर बोलले नव्हते. भांडण माझ्या मुलीवरून होतं. तिला त्याने मदत केली नाही, असं माझं म्हणणं होतं.

त्याला आता सात आठवडे झाले. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, किती शांत माणूस, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. मला हे ऐकून संताप येतो. शांत कसला, घुम्या होता! तोंड उघडून दोन वाक्यं बोलला असता तर माझे पाच महिने असे वाया गेले नसते.

पण सुरुवातीपासून सांगते. आम्ही चिखल्याचे, बोटवाले. बाबा बोटीवर आणि आई डहाणूच्या बाजारात मासळी घेऊन बसणारी. बाजारात कुणाची बसायची जागा नावावर नसायची. जी आधी येईल ती मोक्याच्या जागी, रस्त्याच्या तोंडाशी बसायची, आणि उशीर झालेली मागे गटाराजवळ, जिथे गिऱ्हाईक नाक दाबून पुढे जायचं. म्हणून आई हेमंतला रिकामी पाटी देऊन पहिल्या एस.टी.ने पुढे पाठवायची. हा पाटी उपडी घालून तिच्यावर बसायचा, आई मासळी घेऊन येईपर्यंत हलायचा नाही, आणि तिथूनच शाळेत जायचा. आईचं एकच सांगणं असायचं, "आधी जागा धर, मग बाकीचं बघ." ते त्याच्या अंगात इतकं भिनलं की पुढे शहाणपणा केव्हा संपतो आणि खूळ केव्हा सुरू होतं, ते त्याचं त्याला कळेना. कॉलेजच्या प्रवेशाला हा फॉर्म मिळायच्या आदल्या दिवशी जाऊन खिडकी बघून यायचा. माझं लग्न साडेबाराचं, हा आठ वाजता मांडवात हजर, आणि पुढच्या दोन रांगांवर रुमाल, टॉवेल, उपरणी टाकून बसलेला. नवऱ्याकडच्या मोठ्या माणसांना त्याने तिथून उठवलं. सासरी ते मला अजून ऐकवतात.

एम.एस्सी. झाला, बी.एड. झाला, आणि मग आमच्याकडे शिकलेल्या मुलांचं होतं तेच याचं झालं. तासिका तत्त्वावर. सकाळी कासा, दुपारी तलासरी, मध्ये हायवेवर जी गाडी मिळेल ती. तास घेतला तर पैसे, मे महिन्यात तास नाहीत तर पैसे नाहीत. वर्गात पाड्यांवरून दोन-दोन तास चालत आलेली मुलं असायची, त्यांना हा पुली आणि तरफ शिकवायला विहिरीवर घेऊन जायचा. मुलं जीव टाकायची त्याच्यावर. सहा वर्षं कायमची जागा निघेल म्हणून वाट बघितली. निघाली तेव्हा संस्थाचालकांच्या पुतण्याला मिळाली. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम होते, पेन्शन पक्की, आणि माझ्याच पाठचा भाऊ महिन्याला हातखर्चापुरतं कमावत होता. मला त्याच्यासमोर पगाराचं बोलायची लाज वाटायची.

मग त्याचा एक वर्गमित्र आखातात लागला आणि याने डोक्यात घेतलं. जाहिरातीत लिहिलं होतं, अर्ज ऑनलाइन करा, मुलाखत कॉम्प्युटरवर होईल. पण आमच्या घरात कुणी घरी बसून जागा धरलेली आहे का? हा व्हिजिट व्हिसा काढून मुलाखतींच्या सहा आठवडे आधीच तिकडे जाऊन बसला. जायच्या आधी सर्टिफिकेटांवर मंत्रालयाचे, वकिलातीचे इतके शिक्के मारून आणले होते की मागची बाजू वाचताच येत नव्हती. मित्राच्या खोलीवर झोपायचं आणि रोज सकाळी शाळेच्या फाटकावर इस्त्रीचा शर्ट घालून उभं राहायचं. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकाने आत बोलावलं आणि त्याच दिवशी पत्र दिलं. हेमंतचा फोन आला तेव्हा आई बाजारात होती. तिने तिथेच सगळ्या बायकांना ओरडून सांगितलं, "माझ्या पोराने परदेशात जागा धरली!" त्या दिवशी तिने उरलेले बोंबील फुकट वाटले.

चौदा वर्षं आम्ही त्याला फॉरेनचा मास्तर म्हणून मिरवलं. आणि चौदा वर्षं मी त्याला टोचत राहिले, हे आता लिहायला हवं. दुसऱ्यांचे नातेवाईक दर वर्षी शाळेच्या तिकिटावर येतात, हा दोन वर्षांतून एकदा येई. मी म्हणायची, "कंजूष मेल्या, म्हाताऱ्या आईसाठी तरी ये!" तो हसायचा. बायकोला आणि मुलीला त्याने कधी तिकडे नेलं नाही. मी म्हणायची, "लोकांच्या मुलांना इंटरनॅशनल शिकवतोस आणि स्वतःची पोर इथे सहा आसनी रिक्षातून शाळेत जाते, लाज नाही वाटत?" तर म्हणे, "इथली हवा बरी आहे गं, ताई." हवा! आणि गावात देवळाच्या कळसाची वर्गणी असो की कुणाचं जाळं वाहून गेलेलं असो, सगळ्यांत मोठा आकडा हेमंत सरांचा. मला वाटायचं, पैसा आहे पण घरच्यांसाठी हात आखडतो.

मग माझी कांचन. केमिस्ट्री शिकवते, वापीच्या एका शाळेत होती, जाऊन-येऊन जीव जायचा आणि पगार सहीचा एक, हातातला एक. मागच्या डिसेंबरात हेमंत सुट्टीवर आला तेव्हा मी सगळं ठरवूनच चिखल्याला गेले. समुद्राकडे तोंड करून तो पायरीवर बसला होता.

मी म्हटलं, "कांचनला तुझ्याकडे पाठवते. व्हिजिट व्हिसावर. तू केलंस तसं करू दे."

"नको. इथूनच अर्ज करू दे."

"इथून कोण विचारतं? समोर दिसलं की काम होतं, तूच दाखवलंस ना? दोन महिने तुझ्या खोलीवर राहील."

"खोलीवर जागा नाही, ताई."

"सख्ख्या भाचीला जागा नाही?"

"नाही..."

बास. समुद्राकडे बघत बसला. मी वाट्टेल ते बोलले. आपल्यापेक्षा भाची पुढे जाईल म्हणून तुला बघवत नाही, इथपर्यंत बोलले. त्याने मान खाली घातली, आणि मी ती कबुली समजले. हट्टाने मी त्याला न सांगता कांचनचा व्हिसा आणि जूनच्या दहा तारखेचं तिकीट काढलं, आणि तिच्या राहण्याची सोय मैत्रिणीच्या बहिणीकडे केली. हेमंतचे फोन आले तर उचलले नाहीत.

तिकडून विमानाने त्याची पेटी आली, दहावं-बारावं झालं. त्यानंतर शाळेच्या ऑफिसातून एका बाईचा फोन आला, हिशेबाच्या कागदांसाठी. सुवर्णाला हिंदी जड जातं म्हणून मी बोलले. बाई भली होती, चाचरत म्हणाली, "मॅडम, सर लोकल हायर थे ना, तो उनका पॅकेज अलग था." मी म्हटलं, म्हणजे काय? तिला वाटलं असावं मी चेष्टा करते. मग तिने समजावलं. ज्याची नेमणूक त्याच्या देशातून होते त्याला शाळा घर देते, दर वर्षी येण्याजाण्याचं तिकीट देते, मुलांना फीमध्ये सवलत देते. जो आधीच त्या शहरात हजर असतो, तो स्थानिक. त्याला पगार, बस. नोकरी सुटल्यावर एकरकमी मिळते तीही मूळ पगारावर. पेन्शन नाही. विमा नोकरी आहे तोवर. व्हिसासुद्धा नोकरी आहे तोवर. त्याच वर्षी त्याच विषयाला केरळातल्या एका मास्तराने घरी बसून मुलाखत दिली होती. त्याला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. आमचा शहाणा सहा आठवडे आधी जाऊन फाटकावर उभा राहिला, आणि मुख्याध्यापकाने पहिलाच प्रश्न विचारला, आत्ता कुठे राहता? याने छाती पुढे काढून सांगितलं, इथेच, दहा मिनिटांवर!

सुवर्णाला हे पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तिला शपथ घातली होती. तिकडे एका खोलीत तो धरून तिघे राहायचे, पलंगाखाली एकेकाची ट्रंक. भाचीला जागा नाही म्हणाला ते अक्षरशः खरं होतं. दर करारनाम्याच्या वेळी त्याने बदलून मागितलं, आणि दर वेळी एकच उत्तर, राजीनामा द्या, देशात परत जा, तिथून नव्याने अर्ज करा. मधले महिने पगार नाही, घराचे हप्ते चालू, आणि मुलीची फी. धीर झाला नाही. मी सुवर्णावर ओरडले, "अगं पण मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "आईंमुळे. त्या बाजारात रोज सांगायच्या, जागा धरायला मी शिकवलं म्हणून पोरगा पुढे गेला. हे म्हणायचे, त्यांना कसं सांगू, त्यामुळेच बुडालो म्हणून?"

अरे पण आईला जाऊन चार वर्षं झाली! चार वर्षं! मी काय मेले होते का? त्या पायरीवर बसून एवढंच म्हणायचं होतंस, ताई, मी चुकलो, पोरीला चुकू देऊ नकोस. मी काय गावात दवंडी पिटणार होते? माझा राग तुझ्यावर नव्हता रे, मला काही सांगितलंच नाहीस त्याच्यावर होता... आणि खरं सांगायचं तर सांगायला मी जागा कुठे ठेवली होती? चौदा वर्षं कंजूष म्हणणाऱ्या बहिणीला कोण सांगेल?

कांचनचं तिकीट मी त्याच दिवशी रद्द केलं. निम्मे पैसे बुडाले. कांचन फणफणली, मामा राहिला तशी मी राहीन म्हणाली. मग तिला समोर बसवून मामा कसा राहिला ते सांगितलं, ट्रंकेसकट. तिने अर्ज भरायला घेतला. हे वाचणाऱ्यांत कुणी मास्तर-मास्तरीण असेल आणि परदेशाचा विचार असेल, तर माझ्या भावाच्या जिवावर एवढं ऐका. करारनामा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा, घर कुणाचं, तिकीट कुणाचं, आजारी पडलात तर काय, हे तोंड उघडून विचारा, आणि पत्र हातात येईपर्यंत आपल्या गावात बसा.

मुलाखत चिखल्याला झाली, कारण सरावलीत माझ्या घरी नेट चालत नाही. हेमंतने तीन वर्षांपूर्वी वर एक खोली बांधून घेतली होती, कायमचा परत आल्यावर राहायला. त्यात एक टेबल, आणि एक भारीतली गादी, दुकानातून आली तशीच प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. सुट्टीवर आला की त्या प्लास्टिकवरच चादर टाकून घामाने निथळत झोपायचा. काढ ते म्हटलं की म्हणायचा, कायमचा आलो की काढीन. कांचन टेबलाशी बसली आणि मी गादीच्या कडेला, हालचाल न करता, कारण जरा हललं की प्लास्टिक कुरकुरायचं आणि कांचन डोळे वटारायची. पलीकडच्या माणसाने नाव विचारलं, विषय विचारला, आणि मग विचारलं, आत्ता तुम्ही कुठे आहात?

कांचन म्हणाली, "घरी आहे, सर. भारतात."

आठव्या दिवशी पत्र आलं. आम्ही तिघींनी ते जेवणाच्या टेबलावर पसरून तीनदा वाचलं. घर होतं. वर्षाचं तिकीट होतं. ऑगस्टच्या वीस तारखेला हजर व्हा असं होतं. सुवर्णा सवयीने म्हणाली, "चार दिवस आधी गेलीस तर बरं, जरा रुळशील." मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण डोकावली. म्हटलं, "एक दिवससुद्धा आधी नाही! वीस म्हणजे वीस!"

मग मी वर गेले, खोलीचं दार लावलं आणि त्या गादीचं प्लास्टिक दोन्ही हातांनी ओढून फाडलं. चिवट होतं, घाम निघाला. ते बोळा करून कोपऱ्यात फेकलं, गादीवर आडवी झाले आणि मनसोक्त रडले. सुवर्णा जिन्यावरून विचारत होती, ताई, काय झालं, दार उघडा.

"काही नाही," मी म्हटलं, "गादी चांगली आहे. गाढवाने उगाच झाकून ठेवली होती."