पिठाचं बोट
ज्वारीच्या पिठात गरम पाणी ओतलं की जो वास उठतो, त्यानं मला सोलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरातला सासूबाईंचा नवा फोन आठवतो. त्या भाकऱ्या थापत होत्या आणि मी फोनमध्ये त्यांच्या बोटाचा ठसा घेत होते. हात धुवायला त्या उठेनात. "तवा लई तापलाय, हितंच घे की," म्हणत त्यांनी पिठानं भरलेलं बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी नणंदेला मुलगी झाली, सासूबाईंची पहिली नात. तिचा फोटो आला, पण धुतलेल्या बोटानं फोन काही उघडेना. त्यांनी बोट पदराला पुसलं, त्यावर फुंकर मारली, फोनला दटावलं. मी नंबर टाकून उघडून देते म्हटलं, तर माझ्यावरच चिडल्या, "माज्या नातीला बगायला तुजा नंबर कशाला?" तरातरा परातीपाशी गेल्या, बोट पिठात बुडवून टेकवलं, आणि फोन उघडला! त्यांनी नातीच्या गालावरून बोट फिरवलं, तर काचेवर पांढरा ठिपका उमटला. मी पुसायला फडकं घेतलं, तसा त्यांनी माझा हात धरला. "असू दे की. तीट लागली पोरीला." आता भाकऱ्या मी थापते. माझ्याही फोनला पीठ लागतं, पण ते लगेच पुसवत नाही.