पलीकडचा भुसा

हसू नका, आज दुपारचीच गोष्ट आहे. सिंदेवाहीतल्या माझ्या सुतारकामाच्या दुकानात नवी जपानी करवत आली. ती फक्त ओढताना कापते, म्हणून भुसा आपल्याच बाजूला पडतो.

शेजारचे म्हातारे सदूभाऊ पाहायला आले. पन्नासच्या दशकात ते आणि त्यांचा भाऊ भामरागडच्या जंगलात दोन टोकांना दोघांनी धरायची करवत चालवत. तिथंच झाड अंगावर पडून भाऊ गेला.

"आमी बी ओढोच. मी इकून, तो तिकून. ढकलाचं कोनीच नाई."

त्यांनी सागाच्या फळीवर करवत ओढली आणि सवयीनं हात सैल सोडला. करवत आपोआप पलीकडे सरकली. पुन्हा ओढली, पुन्हा सरकली.

"दमला नाई अजून," सदूभाऊ हसले.

ते गेल्यावर पाहिलं, तर फळीच्या पलीकडेही भुसा होता.

मले सांगा, तो झाडून टाकू का?